शून्याचा पट्टा

पहाटे उजेड फुटता फुटता मोनाली भोरच्या ओठांवर पहिला पतंग येऊन बसला, तेव्हा ती मोरीपाशी उभी राहून दात घासत होती. करडा, तांदळाच्या दाण्याएवढा, मिशा पाठीवर टाकलेला. तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. तोवर दुसरा आला. मग तिसरा, हनुवटीवर.

"आले का पाहुणे?" आतून तिच्या नवऱ्यानं, ओंकारनं विचारलं. पूर्वी हाच प्रश्न तो हसत विचारायचा.

"आले."

"दार लोटून घे मग."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुकडीकाठच्या धामणवाडी पट्ट्यातल्या सगळ्या टोमॅटोवाल्यांचे फोन रोज याच वेळी वाजत. 'राखण' यंत्रणेचा पहाटेचा निरोप असे तो. हिरवं वर्तुळ आणि मधोमध शून्य. म्हणजे पट्ट्यातल्या हजारो सापळ्यांत रात्रीपासून टुटा पतंगाचा एकही नर सापडलेला नाही.

मोनालीनं पदरावर बसलेल्या तिघांकडं पाहिलं. "तुमची नावं मतदारयादीत नाहीत वाटतं," ती त्यांना म्हणाली.

टुटा हा टोमॅटोचा जुना वैरी. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते, मधला हिरवा गर खाते आणि पुढं देठाजवळून फळात घुसते. वरून कितीही फवारलं तरी ती आत बंद दाराआड असते. म्हणून ही लढाई अळीशी नव्हे, पतंगाशी लढायची. टुटाची मादी पहाटे एक गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण नर वाऱ्यावरची ती रेघ धरून मादीपर्यंत पोचतो. हा गंध म्हणजे दोन रसायनांचा मेळ, नऊ भाग पहिलं आणि एक भाग दुसरं. तोच मेळ कारखान्यात करून रबराच्या बुचात भरला की झाली ल्युर. ल्युर सापळ्यात टांगली की नर तिला मादी समजून येतो आणि अडकतो. पूर्वी असे कामगंध सापळे उघडून शेतकऱ्याला पतंग मोजावे लागत. 'राखण'चे सापळे स्वतः मोजत, पतंगाच्या पंखांवरून जात ओळखत आणि आकडा फोनवर धाडत. त्यांची ल्युर महिन्याभरात संपत नसे. गंध एका चिवट तेलात मुरवलेला होता, तो अख्खा हंगाम पुरे. सापळे इतके दाट लावलेले होते, की मोजणीबरोबर नरांची सरसकट धरपकडही होऊन जाई.

पट्ट्यातल्या ल्युर बदलायचं काम उत्पादक गटानं मोनालीकडं दिलं होतं. ती रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली. हाताखाली पाच-सहा बाया. हातमोज्यांचं खोकं दर हंगामात यायचं आणि मोनाली ते घालायचीही. घोटाळा हातांचा नव्हताच. टोमॅटो बांधणाऱ्या बायांची एक सवय असते. वेल तारेला बांधायला दोन्ही हात लागतात, म्हणून सुतळीचा तुकडा दातांत धरायचा. मोनाली लग्न होऊन आली त्या वर्षी सासूकडून हेच शिकली. सापळा तारेला अडकवतानाही दोन्ही हात लागत. मग ल्युर कुठं धरायची? सहा हंगाम तिनं ती दातांत धरली. हात स्वच्छ, ल्युर दातांत! रसायनशास्त्र शिकलेल्या बाईनं असं करावं का? करू नये. पण सवय पदवी विचारून लागत नाही.

ते चिवट तेल तिच्या ओठांत, हिरड्यांत, कातडीच्या चरबीत मुरलं. ही गोष्ट जगावेगळी नव्हती. एका दुसऱ्या पतंगाच्या गंधावर काम केलेल्या परदेशी संशोधकांच्या मागं वर्षानुवर्षं नर फिरत, हे मोनालीनं नंतर वाचलं. वाचून तिला थोडं बरं वाटलं, इतकंच.

पहिल्या वर्षी तो विनोद होता. ओंकार सकाळी दूध घालायला डेअरीवर गेला आणि त्याच्या मिशीवर एखाददुसरा पतंग बसलेला दिसला, की डेअरीवाला ओरडायचा, "काय शेठ, काल दिवाळी होती वाटतं घरी!" सगळी रांग हसायची. ओंकारही हसायचा. मग त्यानं मिशी काढून टाकली. मग हळूहळू जवळ येणंही कमी केलं. तो वाईट माणूस नव्हता. पण आपण बायकोचा मुका घेतला की नाही हे रोज सकाळी सगळ्या गावाला कळावं, हे किती दिवस सोसायचं?

आणि आता तर त्यात विनोदही उरला नव्हता. सापळ्यांत सलग दोन वर्षं शून्य होतं. तिसरा हंगामही शून्यात गेला, की 'टुटामुक्त पट्टा' असा दाखला मिळणार होता आणि धामणवाडीचा टोमॅटो कुठल्याही देशात बिनतपासणीचा उतरणार होता. अशा वेळी गटातलीच एक बाई तोंडावर टुटाचे पतंग घेऊन फिरत होती. गटानं बैठक घेऊन ठराव केला, की मोनाली भोरनं पट्ट्यातल्या कुठल्याही शेतात पाऊल टाकायचं नाही. स्वतःच्या दोन एकरांतही नाही. ओंकार त्या बैठकीला हजर होता. त्यानं हात वर केला नव्हता. पण मान खाली घातली होती.

* * *

"मोने, तू मला हे काय पाठवलंस?" फोनवर फरजाना होती. कॉलेजातली तिची बाकावरची शेजारीण, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत. "ओठ पुसून कापसाचे बोळे पाठवलेस ना? आमच्याकडं पोरं विचारतायत, मॅडम, हे कुणाचं प्रेमपत्र."

"सांग त्यांना, सहा वर्षं जुनं आहे. काय निघालं त्यात?"

"निघालं ते ऐकायला तू आधी खाली बस. ल्युरमध्ये मेळ नऊस एक, बरोबर? तुझ्या ओठांवर सहास चार आहे."

मोनाली खरंच पायरीवर बसली. "दुसरं वाढलं?"

"दुसरं वाढलेलं नाही. पहिलं संपत चाललंय. आठव जरा, पहिल्याच्या साखळीत दुहेरी बंध किती?"

"तीन. आणि दुसऱ्याच्या दोन." तिच्या डोळ्यांसमोर फळ्यावरची आकृती आली. जितके दुहेरी बंध जास्त, तितकी हवा आणि ऊन त्या रेणूला लवकर कुरतडतं. ल्युरमध्ये त्याला सांभाळणारं औषध असतं. कातडीवर कोण सांभाळणार? "पहिलं लवकर मरतं आणि दुसरं मागं राहतं. म्हणून सहास चार."

"शाब्बास. पण मग एक सांग. टुटाच्या नराला तर नऊस एक हवं असतं. हे तुझ्याकडचे कुठल्या चवीचे?"

अंगणात सकाळचं कोवळं ऊन आलं होतं. मोनालीच्या मनगटावर एक नर पंख फडफडवत गोल गोल फिरत होता, मादी शोधत.

"फरजाना," ती सावकाश म्हणाली, "नऊस एक आवडणारे सगळे सापळ्यात मेले गं."

सापळा म्हणजे चाळणी. प्रत्येक पिढीत थोडे नर असे जन्मतात, ज्यांचं नाक जरा वेगळं असतं. ल्युरचा गंध त्यांना तितकासा ओढत नाही. थोड्या माद्याही जरा वेगळा मेळ सोडतात. एरवी अशांचं जमणं अवघड. पण धामणवाडीत चांगल्या नाकाचा प्रत्येक नर सापळ्यात जाऊन मरत होता आणि वेगळ्या नाकाचे मागं राहून वेगळ्या माद्यांशी जुळत होते. टुटाची पिढी महिन्याभरात उरकते. सहा वर्षांत किती चाळण्या झाल्या असतील! सापळ्यांनी टुटा संपवला नव्हता. आपल्याला दिसणारा टुटा संपवला होता.

"मग आकडा खोटा आहे का?" फरजानानं विचारलं.

"आकडा खरा आहे. तेच वाईट आहे," मोनाली म्हणाली.

* * *

संध्याकाळी गटाचे चेअरमन संपततात्या भोर घरी आले. ओंकारचे सख्खे चुलते. पट्टा त्यांनी उभा केला होता, घरोघर जाऊन, लोकांच्या हातापाया पडून. चहा समोर ठेवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सूनबाई, गुरुवारी दाखल्याची माणसं येतायत. चार दिवस माहेरी जाऊन या. आईला भेटून वर्ष झालं असंल."

"आई परवाच येऊन गेली, तात्या."

"मग परत भेटा! आईला भेटायला काय मुहूर्त लागतो?"

मोनालीनं त्यांना सगळं सांगितलं. मेळ, चाळणी, सहास चार. तात्या ऐकून घेणारे होते. मधे दोनदा त्यांनी नेमका प्रश्नही विचारला. पण शेवटी हात झटकला.

"तुझ्या अंगाला वास हाय म्हणून बाहेरचे पतंग तू आत ओढून आणतीस. साधा हिशोब."

"बाहेर म्हणजे कुठून? पट्ट्याच्या चारी बाजूंना ऊस आणि कांदा. हा गंध काही शेतांपलीकडं पोचत नाही. तालुक्यातून बोलवायला मी काय भोंगा लावलाय?"

"आणि समज, हैत इथलेच. नरच ना? नर काय अंडी घालत्यात व्हय? फिरू दे की."

"तात्या, हे नर आभाळातून पडले का? त्यांना आई नव्हती? ती कुठं आहे मग?"

तात्या उठले. "पाचशे घरांच्या तोंडचा घास हाय पोरी. तुझ्या तोंडावरच्या किड्यांपायी तो जाऊ देणार नाय मी." दारात थांबून ते ओंकारला म्हणाले, "तुझ्यानं घर आवरत नसंल तर सांग, मी आवरतो."

ते गेले. मग ओंकार म्हणाला, "जा ना चार दिवस. माझ्यासाठी."

"आणि दाखला मिळाला की? मग परत येऊ? का पतंग संपेपर्यंत तिकडंच?"

त्यानं शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि एक पान काढून टेबलावर ठेवलं. टोमॅटोचं पान, कडेला तपकिरी, फुगलेला डाग. "हा करपा असंल ना?"

"कधी तोडलंस?"

"सोमवारी. असली पानं बरीच दिसतात आता. सगळ्यांनाच दिसतात. सापळा शून्य म्हणतोय, म्हणजे करपाच, असं म्हणतात."

धामणवाडीत गेली दोन वर्षं कुणी पान उलटून पाहिलं नव्हतं. फोनवर हिरवं वर्तुळ येत असताना कशाला पाहायचं? मोनालीनं ते पान उचलून दिव्यासमोर धरलं. करपा असता तर डाग सुका, सलग दिसला असता. डागाच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मधे, एक बारीक हिरवट सावली पुढं सरकली आणि थांबली.

ओंकारनं ती पाहिली. तो खुर्चीत मागं रेलला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला माहीत होतं," तो हातांआडून म्हणाला. "सोमवारपासून माहीत होतं मला."

"मग गुरुवारी मी शेतात उतरणार आहे," मोनाली म्हणाली. "तुला यायचं तर ये. नाहीतर वाटेत येऊ नकोस."

* * *

गुरुवारी सकाळी ग्रेडिंगच्या शेडमध्ये शाल, नारळ, फेटे सगळं मांडलं होतं. मागं मासवडीचा घाट चालला होता आणि तिळाचा, खोबऱ्याचा खमंग वास पसरला होता. तपासणीला आलेल्या पेंढारकर मॅडम पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट. तात्या शाल उलगडत असतानाच मोनाली खुर्च्यांमधून चालत पुढं आली.

"मॅडम, सत्कार नंतर घ्या. पतंग नऊपर्यंतच उडतात. आत्ता साडेसात झालेत."

शेडमधल्या सगळ्या माना वळल्या. मग मागून कुणीतरी, "ए, बसवा रे तिला!"

"आमची सूनच हाय, मॅडम," तात्या घाईनं म्हणाले. "जरा तब्येत बरी नसते तिची."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. तीच तुमची अडचण आहे, तात्या."

पेंढारकरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "यंत्रणा मी काल तपासली. सापळ्यांत बिघाड नाही."

"बिघाड नाहीच. सापळे चोख आहेत. पतंग बदललाय." मोनालीनं फरजानाच्या चाचणीचे आकडे सांगितले, तोंडपाठ, एका दमात.

पेंढारकरांच्या कपाळावरची आठी गेली आणि डोळ्यांत कुतूहल आलं. "सहास चार? हे कुणी सिद्ध केलंय?"

"कुणीच नाही. म्हणून तर चला म्हणते. शेत तुम्ही निवडा. माझं नको, आमच्या भावकीचं नको. मी पाच मिनिटं नुसती उभी राहते. एकही आला नाही तर आत्ता, या इथं, सगळ्यांची माफी मागते आणि गाव सोडते."

"मोने!" ओंकार मागच्या रांगेतून उठला होता.

"बोललेय मी," ती वळूनही न पाहता म्हणाली.

पेंढारकरांनी शेडच्या उघड्या बाजूनं बाहेर पाहिलं आणि कालव्यापलीकडं बोट केलं. "ते."

ते हांड्यांचं शेत होतं. सगळी शेड कालव्यावरून चालत निघाली, फेटे बांधलेली माणसंही. हांडे काका पुढं होऊन शेताभोवतीच्या जाळीच्या दारात आडवे उभे राहिले. "ठराव हाय गटाचा. ही आत नाय जायची."

कुणी काही बोलायच्या आत ओंकार पुढं आला. त्यानं हांडे काकांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच बाजूला केलं, जशी रस्त्यातली गाय बाजूला करतात, आणि जाळीचं दार वर धरलं. मोनालीकडं त्यानं पाहिलं नाही. पण दार धरून ठेवलं.

ती दोन सऱ्यांच्या मधे गेली आणि एका सापळ्याशेजारी उभी राहिली, वाऱ्याकडं पाठ करून. गंध वाऱ्याबरोबर पुढं जातो आणि नर समोरून येतात. सापळ्यावरचा हिरवा दिवा शून्य दाखवत होता. काही झालं नाही. बांधावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. पानं कुठल्या बाजूला हलतायत ते मोनाली पाहत राहिली. आज वारा उलटा फिरला तर? आज गार आहे म्हणून ते उडालेच नाहीत तर?

मग पानांतून काहीतरी करडं उठलं. नागमोडी, चाचपडत आलं आणि तिच्या खालच्या ओठावर बसलं. त्याच्यामागं आणखी. दोन-चार, मग ओंजळभर. गालांवर, हनुवटीवर, नाकाच्या शेंड्यावर. शेजारी हातभर अंतरावर सापळा शून्य दाखवत राहिला.

पेंढारकर सरीत उतरल्या. पतंगांकडं त्यांनी थोडाच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर बसून एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं फाडलं. नखावर अळी घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"या शून्यावर मी सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण बांधावर सगळ्यांना ऐकू गेलं.

परत जाताना त्यांनी मोनालीला बाजूला घेतलं. "माझ्याबरोबर चला. तुमच्या कातडीवरच्या मेळावरून नवी ल्युर करता येईल. राहायची, पगाराची सोय होईल."

"बोळे पाठवते तुम्हाला, हवे तितके. पण नवी ल्युर यायला हंगाम जाईल ना?"

"जाईल."

"तोवर पट्ट्यात टुटा कुठं किती आहे हे कोण सांगणार? मी इथंच लागेन."

* * *

मासवडी त्या दिवशी कुणी खाल्ली नाही. दुपारपर्यंत गावानं निवाडा करून टाकला होता. बाईनं पट्टा खाल्ला. वाटेत एक म्हातारी मोनालीच्या पायापाशी थुंकली. ग्रेडिंग शेडच्या माणसानं ओंकारचे क्रेट उतरवून घ्यायला नकार दिला. तो भरलेली गाडी तशीच घेऊन परत आला.

"झालं समाधान?" त्यानं क्रेट आपटला. "गाव सोडते म्हणालीस सगळ्यांसमोर! मला विचारलंस? पतंग आले नसते तर?"

"तर गेले असते. शब्द दिला होता."

"आणि मी?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तू दार धरलंस ना? मग तुझं तूच ठरवलं असतंस."

तो क्रेटवर बसला. फुटलेल्या टोमॅटोचा रस त्याच्या चपलांवर ओघळत होता. मग त्यानं विचारलं, "आता काय करायचं ठरवलंयस?"

"जिथं टुटा जास्त आहे ती पानं आत्ताच तोडून जाळली, तर पुष्कळसं पीक वाचेल. पण कुठं जास्त आहे हे कळायला शेत न् शेत फिरावं लागणार. उद्यापासून फिरते."

"कोण शिरू देणारंय तुला?"

"मी विचारणारच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. पहिल्या दोन शेतांत कुणी नव्हतं. तिसऱ्यात एकानं तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. ते तिला ओळखत होतं, शेपटी हलवत तिच्या मागं मागं सरीतून हिंडलं आणि मालक शिव्या घालत राहिला. चौथ्या शेतात एका बाईनं लांबूनच विचारलं, "आमच्यात किती गं?" मोनालीनं सांगितलं. बाई विळा घेऊन पानं छाटायला वाकली.

ओंकार मोटरसायकल घेऊन मागून आला. नुसता या शेतापासून त्या शेतापर्यंत तिला सोडत राहिला.

संपततात्यांचं शेत पट्ट्याच्या मध्यावर होतं. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत नीट बांधलेलं. मोनाली जाळी उचलून आत गेली, मधल्या सरीत थांबली आणि वाऱ्याकडं पाठ केली. इथं फार वेळ लागला नाही. ते उठले ते थव्यानं.

"मोनाली!" तात्या बांधावरून धावत येत होते, धोतराचा सोगा हातात. "कुणाला विचारून शिरलीस? ठराव हाय! बाहेर हो आधी! माझं शेत हाय हे, माझं!"

ओंकारनं मोटरसायकल बंद केली आणि तिच्यावरून उतरून तो उभा राहिला.

मोनालीला उत्तर द्यायचं होतं. पण तिचे ओठ पतंगांनी भरले होते. तोंड उघडलं असतं तर ते उडाले असते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. तिनं नुसता उजवा हात वर केला, पंजा उभा, रस्त्यावर गाड्या थांबवतात तसा.

तात्यांचा एक पाय बांधावरून खाली उतरला होता. तो तिथंच राहिला. त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, मग आपल्या हिरव्यागार सऱ्यांकडं आणि पुन्हा त्या तोंडाकडं. ते काहीतरी बोलायला गेले. तिनं हात आणखी थोडा वर केला.

आपल्याच बांधावर, आपल्याच शेतात संपततात्या भोर गप्प उभे राहिले आणि मोनाली मोजत राहिली.